श्रीच्या बाजूच्या रेघा

मथुराच्या व्रताला कोणी हसत नसे, कारण ते तिने कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. दिवेलागणीला पोथीचा एक अध्याय कानावर पडल्याशिवाय जेवायचं नाही, एवढंच ते व्रत. लग्नाच्या पहिल्या वर्षी धरलं आणि मग ते अंगवळणी पडलं. नवरा, हरिश्चंद्र, बोटीवर असला की ती स्वतः अडखळत वाचायची. तो सुट्टीवर आला की तो वाचायचा आणि ती वाती वळत ऐकायची. बोटीची नोकरी संपल्यावर तर रोज त्याचाच आवाज.

आषाढात तो गेला. दिवस सरले, तसं मथुराने पोथी उघडली. ओळी दिसत होत्या, अक्षरं ओळखीची होती, पण तोंडातून आवाजच निघेना. रडूही येत नव्हतं. तिने पोथी मिटली, सोवळ्यात गुंडाळली आणि परत फडताळात ठेवली.

तेव्हा पुतणी दिव्या म्हणाली, "काकी, काकांचो आवाज आसा ना देवळाच्या साईटवर. तो ऐक."

तो होताच. टाळेबंदीत देऊळ बंद पडलं तेव्हा मुंबईच्या चाकरमान्यांसाठी हरिश्चंद्राने सगळे अध्याय फोनवर वाचून ठेवले होते. देवळाची साईट दिव्यानेच केलेली. ती सावंतवाडीला अशा साईटी सांभाळणाऱ्या एका छोट्या कचेरीत कामाला होती. ध्वनिफिती चढवायच्या कशा हे तिने काकाला शिकवलं, आणि त्याने प्रत्येकीच्या नावात आधी दोन उभ्या रेघा, मग श्री, मग परत दोन उभ्या रेघा घातल्या. वाण्याची यादी असो की भरती-ओहोटीच्या वेळा, माथ्यावर श्री घातल्याशिवाय त्याचा हात पुढे सरकत नसे.

"काका, हय नको ता," दिव्या तेव्हा म्हणाली होती. "ह्या नावाचोच साईटीवर पत्तो बनता."

"मग तर होयाच," हरिश्चंद्र म्हणाला. "माथ्यार श्री नाय तो कागद कसलो गो?"

दिव्याने साईटची आठवण करून दिली तेव्हापासून मथुराची संध्याकाळ फोनवर चालली होती. ती तुळशीकडे दिवा लावायची, पाट मांडायची, फोन समोर ठेवायची, बोटाने त्या दिवसाचा अध्याय दाबायची. अध्याय संपला की पुढ्यात येईल ते जेवायची. एकदा जाऊ सुगंधा डाळीत मीठ घालायला विसरली. घरातल्या सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, मथुराने भात कालवून मुकाट्याने संपवला.

शुक्रवारी तिने नववा अध्याय दाबला तर फोनवर पांढरं पान आलं. वर इंग्रजीत काहीतरी आणि आकडा चारशे. तिने परत दाबलं. परत चारशे. दहावा, अकरावा, पहिला, सगळीकडे तेच. तिने फोन पालथा ठेवला, पाट उचलून भिंतीला लावला आणि भांडी झाकून ठेवली.

शनिवारीही चारशेच. राहिलेला अध्याय ऐकेपर्यंत दुपारचं जेवणही नाही; चहापाणी व्रतात चालायचं, तेवढ्यावर ती होती. भूक लागली आहे का, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी सुगंधाने चुलीवरचं पातेलं बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. "वयनी, काल रात्रीचो भात हयच? आणि परवाचो?"

"आवाज येना नाय," मथुरा म्हणाली.

"म्हणान उपाशी ऱ्हवतलंस? मी वाचून दाखवतंय, घे. माका काय वाचूक येना नाय?"

"तसा नाय गो."

"मग कसा? अशीच उपाशी बसशीत नि भावोजींच्या मागसून जाशीत. आमका काय, बाराव्याची भांडी अजून परत करूची आसत."

मथुराने पातेल्यावर झाकण ठेवलं. सुगंधाने स्वतःची जीभ चावली, अंगणात गेली आणि लेकीला फोन लावला.

दुपारच्या गाडीने दिव्या आली. ओटीवर लॅपटॉप उघडून तिने एक अध्याय दाबला, चारशे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काकी, ह्या माझ्यामुळे झाला. शुक्रवारी मीच सर्व्हरवर नवी आवृत्ती घातलंय."

"मग जुनी घाल परत," सुगंधा म्हणाली.

"तसा नाय आई. पत्त्यात कुठली अक्षरां चालतत ता ठरलेला आसा. जुनो सर्व्हर कानाडोळो करी. नवो कडक आसा. पत्त्यात उभी रेघ दिसली की तो आत बघणतच नाय, दारातनाच परत पाठयता. तसल्याच अक्षरांच्या आडून लोक आत घुसतत, म्हणान."

"म्हणजे देवाचा नाव चालना नाय तुमच्या सर्व्हराक?"

"देवाक हरकत नाय गो. त्याच्या बाजूच्या रेघांक हरकत आसा."

"सांग मग त्येका, ह्यो आमचो माणूस आसा म्हणान. सोड."

"सांगूक येता. पण त्याच सर्व्हरवर आणखी चाळीस जणांच्यो साईटी आसत. एका देवळासाठी साहेब दार उघडा ठेवूचे नाय." दिव्या काकीकडे वळली. "नावां बदलली की झाला. आवाजाक कायएक धक्को लागणा नाय."

मथुराने मान हलवली. ती होय म्हणाली की नुसतीच हलवली, हे दिव्याला कळलं नाही. घाई होती, काकी दोन दिवस उपाशी होती. तिने एकच आज्ञा लिहिली आणि सगळ्या नावांची सुरुवात एका फटक्यात छाटून टाकली. मग फोन काकीच्या हातात दिला. "बघ."

यादी समोर होती. अध्याय पहिला. अध्याय दुसरा. अध्याय तिसरा. माथे कोरे.

मथुरा बघत राहिली. आषाढात कसालच्या छापखान्यातून उत्तरकार्याच्या पत्रिकेचा नमुना आला होता. घरात इतकी माणसं होती, पण तो तिच्याच हातात कोणीतरी दिला. नाव बरोबर, तारीख बरोबर. वर मात्र, जिथे जन्मभर तिने श्री बघितला होता, तिथे कोरी जागा. अशुभाच्या कागदावर श्री घालीत नाहीत, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी ती त्या जागेकडेच बघत बसली होती, कोणीतरी कागद काढून नेईपर्यंत.

"श्री खंय गेलो?" तिने विचारलं.

सुगंधाने वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "दिव्या! काय केलंस गो ह्या? घरातलो कागद तो, दुखवट्याचो केलंस!"

दिव्याला आधी समजेना. समजलं तेव्हा तिचे डोळे भरले. "काकी, रेघाच काढूच्यो होत्यो. मी घाईत सगळाच... थांब, श्री परत घालतंय. नुसतो श्री चलता. दोन मिनटां."

तिने लॅपटॉप ओढला. मथुराने तिच्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली.

"अगो पण..."

"ऱ्हवांदे गो. तेनी घातललो तो तेंचो. आता तू घालशीत तो तुझो." तिने फोन मांडीवर ठेवला. "गेले ते. कागद तसोच बरो."

तीन महिन्यांत तिने हे तोंडाने म्हटलं नव्हतं. सुगंधा पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात गेली, आणि तिथे भांड्यांचा उगाच आवाज झाला.

दिवेलागण झाली. मथुराने तुळशीपुढे दिवा लावला, भिंतीचा पाट खाली घेतला आणि नववा अध्याय दाबला. गोल फिरलं. क्षणभर काहीच नाही. मग खट् असा आवाज आला, पंख्याचं बटण बंद झाल्याचा. घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून तेव्हा तिनेच उठून ते बंद केलं होतं. मग घसा खाकरला. मग हरिश्चंद्राचा आवाज, नेहमीसारखा, थोडा नाकातला, "श्रीगणेशाय नमः."

दिव्या दाराशी उभी होती. तिने काकीकडे बघितलं. मथुरा वाती वळत होती.

अध्याय संपला. सुगंधाने पेजेचं ताट पुढ्यात ठेवलं. दोन दिवसांच्या पोटाला पेजच बरी. मथुराने एक घास घेतला, थांबली, दुसरा घेतला.

"सुगंधा," ती म्हणाली, "पेजेत मीठ नाय गो."

"घातलंय ना!"

"कमी आसा."

सुगंधा लेकीकडे बघतच बरणी आणायला उठली.