सोनेरी काठाचा हिरवा झेंडा

अन्सारभाईंच्या सुमय्याचं लग्न बाणकोटला झालं आणि बापालाच लग्नाला जाता आलं नाही, ते साल १९९४. त्याच वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुना हिरवा झेंडा आहे. देशाचा नाही, पक्षाचा नाही, दर्ग्याचाही नाही. मी खेळाच्या मैदानावरचा झेंडा आहे.

अन्सारभाई बहरीनमध्ये झल्लाकच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात शिंपी होते. वेटरांचे कोट, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं त्यांच्या मशिनखालून जायचं. लेकीच्या हळदीसाठी त्यांनी मनामाच्या बाजारातून हिरवं साटीन आणलं, ओढणी शिवली, तिला सोनेरी काठ लावला आणि गावी जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवून दिली. नोकरीची दोन वर्षं पुरी व्हायला आठ महिने बाकी होते, म्हणून त्यांना रजा नव्हती. उरलेला तुकडा त्यांनी घडी करून कपाटात ठेवला. कधी जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर काढायचे, त्यावर हात फिरवायचे आणि परत ठेवायचे. तो तुकडा म्हणजे मी.

ऑक्टोबरात हॉटेलचे मॅनेजर डोलन साहेब शिवणखोलीत आले. ते आयर्लंडचे. बहरीनमधले आयरिश लोक दर शुक्रवारी जमून आपल्या देशाचा गेलिक फुटबॉल खेळत. त्या हिवाळ्यात त्यांनी आठ संघांची स्पर्धा ठरवली होती. दोन संघ समुद्रावरच्या पुलावरून सौदीतून येणार होते. स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे जो एकदा हरला तो घरी.

त्यासाठी साहेबांना झेंडे हवे होते. या खेळात गोलच्या दोन उंच खांबांमध्ये आडवी दांडी असते. बॉल दांडीवरून गेला तर एक गुण, आणि पांढरा झेंडा वर. दांडीखालून अख्खा रेषेपलीकडे गेला तर गोल, त्याचे तीन गुण, आणि हिरवा झेंडा वर. खोलीत दुसरं हिरवं कापड नव्हतं. अन्सारभाईंनी मला काढलं, काठीला शिवलं आणि हाताच्या सवयीने कडेला सोनेरी काठही लावून टाकला.

साहेब हसले. "हा नवरीचा आहे काय?"

"येस सर," अन्सारभाई म्हणाले. "नवरीचाच."

काठ तसाच राहिला. साहेबांनी झेंडा धरायलाही त्यांनाच उभं केलं. म्हणाले, "तुला सुतभर वाकडी शिवण दिसते. आणि आमच्यातल्या कुणाच्याच गावचा तू नाहीस."

दुसऱ्या खांबाजवळ पांढरा झेंडा घेऊन गुंडू उभा राहायचा. तो सावंतवाडीकडचा, हॉटेलची मिनीबस चालवायचा.

"अन्सारभाई, ह्यो खेळ काय समजाक नाय," तो म्हणाला. "हातात धरलो तरी चलता, लाथ मारली तरी चलता. रेफरीक तरी म्हायती आसा काय?"

"तू वर बघ. खाली मी बघतो."

पांढरा झेंडा सारखा वर जायचा. मी वाळूत टोक रुतवून वाट बघायचो. पहिल्या सामन्यात मी एकदा वर गेलो, दुसऱ्यात दोनदा. मित्रांनो, ते क्षण मी विसरलो नाही. समुद्राचा वारा अंगात भरायचा, काठ उन्हात चमकायचा आणि सगळं मैदान माझ्याकडे बघायचं. मग मी खाली यायचो, आणि पुन्हा वर जायची ओढ लागायची.

डोलन साहेबांचा संघ दोन्ही सामने जिंकून फायनलला आला. साहेबांच्या गावाने कधीच काही जिंकलेलं नव्हतं, आणि अडतिसाव्या वर्षी हा त्यांचा शेवटचा मोसम होता.

त्याच दिवसांत अन्सारभाईंच्या बायकोचं, शरीफुन्निसाचं पत्र आलं. सुमय्याला मार्चमध्ये बाळ होणार होतं. पहिलं बाळंतपण माहेरी. पत्रात लिहिलं होतं, "लग्नाला नव्हतात. आता तरी या. पोर रोज विचारते." अन्सारभाईंनी रजेचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "फायनल होऊ दे, मग बघू."

फायनल वीस जानेवारीला झाली. शेवटचं मिनिट होतं. साहेबांचा संघ दोन गुणांनी मागे होता. साहेब स्वतः धावत आले आणि त्यांनी बॉल जमिनीलगत मारला. गोलकीपर त्याच्यावर पडला. वाळू उडाली. साहेबांच्या बाजूचे सगळे हात वर करून ओरडले. रेफरी आमच्याकडे वळला.

"उचल रे," गुंडू हळूच म्हणाला. "माका वाळूशिवाय काय दिसला नाय. तू उचल."

मलाही वर जायचं होतं. अन्सारभाईंची मूठ माझ्या काठीवर आवळलेली होती, आणि मला वाटलं, आता गेलोच.

"गोल?" रेफरीने विचारलं.

"नो सर," अन्सारभाई म्हणाले. "बॉल अजून रेषेवर होता."

मी वाळूतच राहिलो. शिट्टी वाजली. साहेब गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत उभे होते.

परतताना मिनीबसमध्ये गुंडू म्हणाला, "बॉल भायर, संघ भायर. आता तू पण भायर. तुझी रजा तू वाळूत पुरलंस."

"मला दिसलं ते सांगितलं."

"एक फडका वर करूक तुझा काय जात होता?"

अन्सारभाईंनी माझ्यावरची वाळू झटकली. खरं सांगतो, त्या दिवशी मीही गुंडूच्या बाजूने होतो.

तीन आठवडे गेले. रमजान सुरू झाला. अर्ज साहेबांच्या टेबलावर कागदांखाली पडून होता. अन्सारभाई रोज इस्त्रीचे कपडे पोचवायला जायचे, तो कोपरा बघायचे आणि परत यायचे. विचारायचा धीर त्यांना झाला नाही.

मग एके दुपारी साहेब कोटाचं तुटलेलं बटण घेऊन आले. मी खिळ्याला लटकत होतो. माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "अन्सार, बॉल पूर्ण आत जायला किती राहिला होता?"

अन्सारभाईंनी चार बोटं दाखवली.

"मला तीन वाटली होती," साहेब म्हणाले.

त्यांनी खिशातून अर्ज काढून मशिनवर ठेवला. सही झालेली होती. "चाळीस दिवस. ईद घरी कर."

अन्सारभाई गेले. मी खिळ्यावर त्यांची वाट बघत राहिलो. एप्रिलमध्ये ते परत आले आणि बटणं लावता लावता गुंडूला सांगत बसले: नात झाली, नाव जिकरा, ईदच्या तिसऱ्या दिवशी जन्मली, आणि तिला पहिल्यांदा आपणच बाहेर उजेडात आणलं.

पुढच्या वर्षी डोलन साहेबांची बदली झाली आणि तो खेळ तिथे बंद पडला. मी इस्त्रीच्या टेबलावर अंथरला गेलो. माझा काठ उसवला, एका कोपऱ्याला डाग पडला. आता मी मनामातल्या उम्म अल हस्सम भागात एका खोलीत गुंडूच्या ट्रंकेत आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आम्ही वस्तू नेहमीच सांगतो. मी आणखी एक मागतो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या टेबलावर कुणाचा तरी रजेचा अर्ज येईल. तो कागदांखाली ठेवू नका. त्या दिवशी मी वर गेलो नाही, याचं मला आता दुःख नाही. त्या चाळीस दिवसांपुढे ते काहीच नाही.

अन्सारभाईंची पुढची रजा एप्रिल १९९७ मध्ये होती. अन्सारभाई बावीस जानेवारी १९९७ ला, रमजानच्या महिन्यात, बहरीनमध्ये वारले.