चिकटपट्टीवरची नावं

"पट्ट्या काढायच्या नाहीत," कोच व्हर्बांनी त्यांच्या सहायकाला, ओटिसला, पुन्हा बजावलं. "पोरं शेफारतात."

ओटिसनं मान डोलावली. हेल्मेटच्या कपाळावर नाव लिहिलेली पांढरी चिकटपट्टी लावतात ती ऑगस्टात, नवी पोरं ओळखीची होईपर्यंत. पंधरवड्यात ती निघते. यंदा नोव्हेंबर उजाडला तरी चौथ्या वर्षाच्या पोरांच्याही पट्ट्या जागच्या जागी होत्या. शेफारण्याबिफारण्याचा काही संबंध नव्हता. कोचना नावं आठवत नव्हती, आणि ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही अशी बिचाऱ्यांची समजूत होती.

लॉयड व्हर्बा नऊ वर्षं व्यावसायिक संघातून फुटबॉल खेळले, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा तो अमेरिकन फुटबॉल. समोरच्याला डोक्यानं धडक द्यायची ही त्यांची ख्याती. लोक उभं राहून टाळ्या पिटायचे. कितीदा तरी ते आडवे झाले, आभाळ गरगरताना पाहिलं. त्या काळी डॉक्टर डोळ्यांसमोर दोन बोटं नाचवायचे, 'किती?' विचारायचे नि परत आत पाठवायचे. गुडघे गेल्यावर ते नेब्रास्कातल्या या एवढ्याशा कॉलेजात कोच म्हणून आले आणि सव्वीस वर्षं इथंच रुजले. मोठ्या कॉलेजांसारखं पोरांना भुलवायला यांच्याकडे काही नव्हतं. हे आपले पोराच्या घरी जायचे, स्वयंपाकघरात बसून आईच्या हातचं पोटभर जेवायचे आणि पोराला आपल्या संघात घेऊन यायचे. मग त्या पोराचं, त्याच्या आईचं, धाकट्या बहिणीचं, अहो, कुत्र्याचंसुद्धा नाव त्यांना पाठ. त्यांचा सगळा मान त्या नावांत होता. ओटिसलाही त्यांनी असंच आणलं होतं आणि पुढं सहायक म्हणून हाताखाली घेतलं होतं. बाप गेल्यावर ओटिसनं मानलं ते या एकाच माणसाला.

आज घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. त्याआधी शेवटच्या वर्षाची पोरं एकेक करून आईबापांसह मैदानात येणार आणि कोच प्रत्येकाला नावानं हाक मारून आईच्या हातात फूल देणार, ही इथली रीत. पोरं येतात ती हेल्मेटशिवाय, बोडक्या डोक्यानं. आज पट्ट्यांचा काही उपयोग नव्हता.

"यंदा हे मी करू का?" ओटिसनं सकाळी विचारून पाहिलं होतं.

"मी मेलोय का?" कोच म्हणाले, आणि विषय संपला.

त्यांच्या हातमोज्यात एक कार्ड होतं. बायकोनं, डोरीननं, त्यावर नऊ नावं ओळीनं लिहून दिली होती. या कार्डाचं तिनंच फोनवर रडत रडत ओटिसला सांगितलं होतं. पहिली दोन नावं ठीक गेली. तिसऱ्या पोराच्या आईची गाडी बर्फात अडकली, तिला यायला उशीर झाला आणि मागचा पोरगा पुढं सरकला.

"टॅनर होलुब!" कोचनी जोरात हाक मारली.

समोर केंड्रिक पूल उभा होता, आणि त्याची आई. प्रेक्षकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. ओटिसला वाटलं, धरणी दुभंगावी.

"टॅनर मागून येतोय, कोच," केंड्रिक सहज म्हणाला. "मी केंड्रिक. केंड्रिक पूल. ही माझी आई, योलांडा. आमच्याकडे तुम्ही मक्याचा पाव तीनदा मागून घेतला होतात."

कोचनी कार्डाकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. फूल कसंबसं पुढं केलं. तोवर पुढचा पोरगा येऊन उभा राहिला होता.

"मी वेस्ली, कोच. ही माझी आई, जोन."

त्याच्यामागून आलेल्यानंही तेच केलं. मग त्याच्या मागच्यानंही. कोचना तोंड उघडायची वेळच कुणी येऊ दिली नाही. ओटिसला नवल वाटलं नाही. घामानं सुटलेल्या पट्ट्या हीच पोरं महिनाभर आपणहून पुन्हा चिकटवत होती, ते त्यानं पाहिलं होतं.

नववं फूल दिल्यावर कोच ओटिसजवळ आले.

"कधीपासून माहीत आहे यांना?"

"सप्टेंबरपासून."

"आणि कुणी बोललं नाही?"

"नाही, कोच."

"तोंडावर हसले असते ना, तर परवडलं असतं रे." त्यांनी खेळाच्या सूचना द्यायचा गळ्यातला हेडफोन काढून ओटिसच्या हातात दिला. "आजचा खेळ तू चालव."

उत्तरार्धात ओटिसनं वळून पाहिलं तर कोच जागेवर नव्हते. ते कुंपणापाशी सापडले, योलांडाशी बोलताना. त्यांना आणायला तो झपाझप तिकडं गेला.

"यातला तुमचा कुठला?" कोच अदबीनं विचारत होते.

योलांडाच्या हातात त्यांनीच दिलेलं फूल होतं. तिनं बोट दाखवलं. "तो, डावीकडून दुसरा. केंड्रिक."

"पाय हलके आहेत पोराचे. कॉलेजचं काय ठरवलंय त्याच्या?"

ओटिसचे पाय जागीच थबकले. योलांडानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग कोचकडे.

"अजून काही ठरवलं नाही," ती म्हणाली.

"मग आमच्याकडे पाठवा. मी सांभाळीन त्याला."

"पाठवते, कोच."

कोचनी टोपी काढून तिचे आभार मानले. ओटिसनं त्यांना हाक मारली नाही. तो आला तसा परत फिरला. खेळ खोळंबला होता आणि पोरं त्याच्याकडे बघत होती.