आप्पांच्या जागी बसलेला पुतळा

मित्रांनो, मी एक जुना, वीतभर उंचीचा पुतळा आहे. डोक्यावर लोखंडी टोप, हनुवटी पुढे काढलेली. कुणाचा पुतळा, हे सांगायलाही आता लाज वाटते. पण सांगतो, ऐका.

माझा जन्म इटलीतल्या एका लहान गावात झाला. तिथं एक हुकूमशहा जन्मला होता. सत्ता मिळताच त्यानं गावाचा नकाशाच बदलला, रुंद रस्ते काढले, आणि शेवटी त्याला पुरलंही तिथंच. आता दुकानांत त्याचेच पेले, त्याचीच कॅलेंडरं, त्याचेच पुतळे. वर्षातून दोन-तीनदा काळे सदरे घातलेले त्याचे भक्त बसगाड्या भरून यायचे. त्या दिवशी काही म्हाताऱ्या खिडक्या लावून घ्यायच्या. मला तेव्हा यातलं ओ की ठो कळत नव्हतं. काय आपला थाट, म्हणत मी फळीवर ऐटीत बसायचो.

परंड्याचा बालाजी शेळीच्या दुधाचं चीज शिकायला तिकडं आला होता. त्याच्या आजीनं, धुरपताबाईनं, एकच गोष्ट मागितली होती. तिचे वडील बार्शीला जाऊन फौजेत भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीतच मारले गेले. ती तेव्हा आईच्या पोटात होती. घरात त्यांचा फोटोसुद्धा नाही. "आप्पांच्या कबरीपशी जा, मूठभर माती आण," ती म्हणाली होती.

बालाजीला सुट्टी एकच दिवस. त्यात कबरीकडं जाणारी बस चुकली आणि तो माझ्या गावात अडकला. दुतर्फा एकाच चेहऱ्याची दुकानं बघून त्याला तुळजापूर आठवलं. क्षेत्राच्या गावाहून रिकाम्या हातानं परतायचं नसतं ना! कुणीतरी मोठा वीर असणार, असं समजून त्यानं मला उचललं. हातात मोबाइल होता, पण पठ्ठ्यानं कुणाला विचारलं नाही.

"आजी, माती न्हाय घावली. तिथल्या सैनिकाचा पुतळा आणलाय," घरी येऊन तो म्हणाला.

आजीनं माझ्या टोपावरून हात फिरवला. "माझे आप्पा असंच असतील, न्हाय का रं?"

बालाजीनं मान डोलावली. आजीनं मला देव्हाऱ्यात देवांच्या टाकांशेजारी बसवलं. दोन वर्षं रोज कुंकू! दुकानात मी शंभरातला एक होतो, इथं कुणाचा तरी बाप झालो. मी फुगून गेलो होतो.

परवाच्या सर्वपित्री अमावास्येला आजी खिरीची वाटी घेऊन माझ्यापुढे बसली होती. "आप्पा, जेवा." तेवढ्यात एरवी अंगणातूनच दूध नेणारी शेजारची हुमेरा आत डोकावली. ती शाळेत इतिहास शिकवते. मला बघून ती दारातच थबकली.

"या अल्ला! आजी, ह्याला खीर?"

"आगं, माझे आप्पा हायती ते."

हुमेरा आजीजवळ येऊन बसली. "आजी, हा तिकडचा जुलमी हुकूमशहा. ह्यानंच तो देश लढाईत ढकलला. तुमचे आप्पा त्याच लढाईत गेले."

मी हादरलो, मित्रांनो! हे तोंड मी इतकी वर्षं मिरवत होतो! आजीचा हात वाटीसकट तसाच राहिला.

"बालाजी, तुला ठावं हुतं?"

"न्हाय आजी. म्या इचारलंच न्हाय."

आजी धाय मोकलून रडली. बालाजीनं मला दगडावर आपटायला उचललं, तशी ती ओरडली, "थांब! फोडू नगंस. हुमेरा, साळंत ने ह्येला. पोरांना सांग, ह्येच्यापायी मेलेल्या माणसाच्या लेकीनं ह्येलाच बाप म्हणून जेवू घातलं."

मग तिनं पदरानं माझ्यावरचं कुंकू खसाखसा पुसलं. माझ्या जागी मूठभर तांदळावर एक सुपारी मांडली आणि खीर तिच्यापुढे सरकवली. "आप्पा, जेवा. लई येळ झाला."

आता मी शाळेच्या कपाटात असतो. मित्रांनो, माझ्यावर धूळ बसू द्या, मला जपू नका. पण कुणाच्याही पुतळ्याला हार घालायच्या आधी, हा कोण होता आणि ह्यानं काय केलं, एवढं विचारा. ती म्हातारी ऐंशी वर्षांची झाली, मित्रांनो, आणि बाप म्हणून तिनं आयुष्यात एकच चेहरा पाहिला. तो माझा होता.