दोरीपलीकडचं टेबल

सकाळी दहाला चित्रांचं संग्रहालय, बाराला इतिहासाचं आणि दुपारी तीनला बंदराजवळचं कप्तानाचं जुनं घर, असा बेत धाकटीने आखला होता. एका दिवसात एवढं बघायचं म्हणजे धडधाकट माणसाचेही पाय मोडायचे. पण आई ठणठणीत आहे हे तिला थोरलीला दाखवून द्यायचं होतं.

थोरली परगावी नोकरीला. चार दिवसांची रजा काढून आली होती आणि आल्या संध्याकाळीच तिने विषय काढला होता.

"आईला डॉक्टरांना दाखवायला हवं. प्रवास कसा झाला म्हणून तिने मला तीनदा विचारलं."

"वय झालंय तिचं, ताई. तू वर्षातून दोनदा येतेस. रोज तिच्याजवळ मी असते."

"म्हणूनच तुला दिसत नाहीये."

तेव्हापासून दोघी कामापुरतंच बोलत होत्या.

पहिल्या दोन ठिकाणी आईने धाकटीची लाज राखली. मिशांना पीळ भरलेल्या एका दर्यावर्दीच्या तसबिरीसमोर उभी राहून ती म्हणाली, "याच्या बायकोने याला जन्मात हसू दिलं नसणार." शेजारचं अनोळखी जोडपं खुदकन हसलं. इतिहासाच्या संग्रहालयात तोफा आणि गंजलेले नांगर बघत ती तीन जिने न थांबता चढली. मधूनच धाकटी विचारायची, "आई, आज वार कोणता?" आई अडखळली की हळूच सांगायची, "मंगळवार गं." हे सगळं थोरली बघत होती.

कप्तानाच्या घरात प्रत्येक खोली अशी मांडली होती, की जणू माणसं आत्ताच उठून बाहेर गेली असावीत. पलंगावर घडी घातलेला रग, खिडकीत उघडी दुर्बीण. प्रत्येक दाराला कमरेएवढ्या उंचीवर लाल दोरी. जेवणघरात सहा जणांचं टेबल मांडलेलं होतं. बुडालेल्या जहाजातून काढलेली चिनी मातीची भांडी, दोनशे वर्षांपूर्वीची. बशा इतक्या पातळ, की उजेडाकडे धरल्या तर बोटं दिसावीत. खोलीत सामान आणायचा दरवाजा मागे होता, पण समोरच्या भिंतीवर शोभेसाठी आणखी एक दरवाजा हुबेहूब रंगवलेला होता. मूठसुद्धा.

धाकटीचा फोन वाजला. ऑफिसातून होता. "आई, इथंच थांब हं," म्हणत ती खिडकीपाशी गेली. थोरली शेजारच्या खोलीत होती. दोन मिनिटं झाली असतील नसतील, तेवढ्यात बशीवर बशी ठेवल्याचा आवाज झाला. त्यामागोमाग दाराजवळचं धोक्याच्या इशाऱ्याचं यंत्र पी-पी करायला लागलं.

धाकटी वळली. आई दोरीच्या पलीकडे होती. टेबल आवरत होती.

तीन बशा तिच्या डाव्या हातावर चढल्या होत्या. चौथी तिने उचलली, पदराच्या टोकाने पुसली आणि वर ठेवली.

"ओ आजी!" गार्ड धावत आला. "बाहेर या! हात लावायचा नाही!"

आई दचकली. बशा एका बाजूला कलल्या. तिने हनुवटीने वरची बशी दाबून धरली.

"ओरडू नका," मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. पांढरे हातमोजे घातलेल्या एक बाई आल्या होत्या. जुन्या वस्तू राखायचं काम त्यांच्याकडे होतं. "आधी तो आवाज बंद करा. आणि कुणीही त्यांच्या अंगावर जाऊ नका."

पी-पी थांबली. आता बशांची बारीक किणकिण तेवढी ऐकू येत होती.

"आई," धाकटी दोरीपाशी जाऊन म्हणाली, "आई, हे आपलं घर नाही. हे संग्रहालय आहे. ठेव ते खाली."

"तू मध्ये पडू नकोस." आईच्या कपाळावर आठी चढली. "जेवणं कधीची झालीत. उष्टी भांडी अशीच ठेवायची?"

"उष्टी नाहीत ती! नीट बघ ना! आज मंगळवार, आपण सकाळी..."

"चारचौघांत मला शिकवू नकोस!"

आईने पाठ फिरवली. सूपचा मोठा वाडगा बशांवर ठेवला आणि सगळा डोलारा छातीशी धरून निघाली, थेट रंगवलेल्या दरवाजाकडे. कोपराने तिने दार ढकललं. भिंत हलली नाही. तिने पुन्हा ढकललं. वाडगा बशीवर घसरून कडेला आला. गार्डने डोळे मिटून घेतले.

"कुणी आतून कडी लावलीय?" आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "उघडा ना."

तेवढ्यात थोरली आली. दारातच थांबून तिने आईकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, मग हातमोजेवाल्या बाईंकडे वळून खुर्चीकडे बोट केलं. बाईंनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. "हळूच टेका."

थोरली दोरीखालून आत गेली आणि कप्तानाच्या खुर्चीत बसली. खुर्ची करकरली.

"आई, आवरायला काय लागलीस? मी आत्ता येतेय. मला वाढलंच नाहीस अजून."

आई वळली. थोरलीकडे टक लावून बघत राहिली.

"अगं बाई!" आई म्हणाली. "तू आलीस केव्हा? प्रवास कसा झाला?"

"छान झाला. भूक लागलीय फक्त."

"मग सांगायचं नाही का!"

आई टेबलापाशी आली. वाडगा खाली ठेवला. पहिली बशी थोरलीसमोर मांडली, सरळ केली. दुसरी तिच्या शेजारी. कुठलीही बशी तिने आपटली नाही. मग तिचं लक्ष गार्डकडे गेलं. "हे उभे का? पाहुण्यांना उभं ठेवतात का कधी? बसा हो."

"मी... ड्युटीवर आहे, आजी."

"बसा," बाई हळूच म्हणाल्या.

गार्ड टोपी काढून कप्तानाच्या टेबलाशी बसला. दोन्ही हात मांडीवर, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखा. आई वाढायला म्हणून वाडग्यावर वाकली आणि तशीच राहिली. वाडगा रिकामा होता. तिने टेबलावर इकडेतिकडे बघितलं.

"मी स्वयंपाकच केला नाही?" तिने विचारलं. "पाहुणे आले, पोर उपाशी आलं, आणि मी काहीच केलं नाही?" तिने वाडगा पुन्हा उचलला.

थोरलीने धाकटीकडे बघितलं.

गेलं वर्षभर धाकटी आईची प्रत्येक चूक दुरुस्त करत आली होती. वार, तारीख, शेजाऱ्यांची नावं. असं केलं की आई ताळ्यावर राहील, असं तिला वाटायचं. ती दोरीखालून आत गेली.

"तुला कुणी सांगितलंच नाही, आई," ती म्हणाली. "आज बाहेर जेवायचं ठरलंय. आमचीच चूक. मी सांगायचं विसरले."

"बाहेर?"

"हो. सगळ्यांनी."

आई विचार करत राहिली. मग वाडगा टेबलावर ठेवून म्हणाली, "धांदरट आहात दोघी." धाकटीने तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार पडला होता.

नंतर हातमोजेवाल्या बाईंनी एकेक बशी दिव्याखाली धरून तपासली. एकीच्या काठाचा नखाएवढा टवका उडाला होता. तो गालिच्यावर सापडला. "जोडता येईल," त्या म्हणाल्या. "आमचीही चूक आहेच. एक दोरी ती काय अडवणार? पण नोंद मात्र करावी लागेल."

संग्रहालयाच्या ऑफिसात त्यांनी कागद पुढे केला. नाव, पत्ता, वेळ धाकटीने भराभर लिहिलं. खाली रकाना होता: घटनेचं कारण. तिथे पेन थांबलं. गर्दी, असं लिहिता आलं असतं. तोल गेला, असंही. काचेपलीकडे बाकावर आई गार्डला काहीतरी सांगत होती आणि तो मन लावून ऐकत होता.

धाकटीने लिहिलं: माझ्या आईला विस्मरणाचा आजार आहे. ती जेवणानंतरचं टेबल आवरत होती. मी तिला एकटं सोडलं होतं.

थोरलीने खांद्यावरून वाचलं. तिने पेन मागून घेतलं आणि शेवटच्या वाक्यात 'मी'च्या जागी 'आम्ही' केलं. सोडलं होतं, ते तसंच राहिलं.

"डॉक्टरांची वेळ उद्याची मिळते का बघ," धाकटी म्हणाली. डोळे पुसायला तिला रुमाल सापडत नव्हता.

"सकाळी विचारते. मी रजा वाढवलीय."

"कधी?"

"आत्ताच."