ग्लिटरने बरबटलेली कात्री

मी एक जुनी कात्री आहे आणि सध्या मला माझीच किळस येते. मित्रांनो, माझ्या पात्यांना ग्लिटर चिकटले आहे, खिळ्यापाशी गोंद सुकला आहे. जेवून हात न धुता कुणी तसेच बसून राहावे, तशी मी पडून आहे.

तीस वर्षांपूर्वी हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात अंबूताईंनी पाच कात्र्या चिंधीवर चालवून पाहिल्या आणि मला निवडले. धारवाडला मळमड्डीत त्या ब्लाउज शिवतात. रेशीम असो की सुती, मी एका दमात कापत असे. गिऱ्हाइके म्हणायची, "अंबूताईंची कापणी म्हणजे कापणी!" माझ्यासाठी घरात एकच नियम होता. ही कात्री फक्त कापडाला. कागद कापला की आमची धार जाते. त्यांची लेक अर्चना लहान असताना तिने मला घेऊन पतंगाचा कागद कापला, तेव्हा पाठीत धपाटा खाल्ला होता. त्यामुळे तिला हा नियम माहीत नव्हता असे कुणी म्हणू नये.

याच ब्लाउजांच्या कमाईवर अर्चना शिकली. आता ती धारवाडजवळच्याच बेलूरला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मोबाइलसमोर बसून कार्डे बनवते. तिच्याकडे त्या सामानाचा मोठा डबा आहे. कागदी फुले, खोटे मोती, चिकट सोनेरी अक्षरे, फोमची टेप. गेल्या महिन्यात तिच्या मनात आले की आईला आभाराचे कार्ड द्यावे. देतानाचा व्हिडिओ काढून सगळ्यांना दाखवावा, हेही लगेच मनात आले.

डब्यातल्या छोट्या कात्रीने फोमची टेप कापेना. अंबूताई भाजी आणायला गेल्या होत्या. अर्चनाने सरळ मला उचलले. शी! तो टेपचा चिकटा, ती जाड पुठ्ठ्याची करकर, वर ग्लिटरचा सडा. रेशमाची सवय असलेल्या माझ्या तोंडात कुणी चिखल कोंबावा तसे झाले.

एवढ्यावर भागले असते तर मी गप्प बसले असते. पण कार्डाच्या खालच्या कडेला तिला "काहीतरी आपल्याकडचं" हवे होते. मशीनवर एक खण घडी घालून ठेवला होता. तो उणकलच्या जुन्या गिऱ्हाईक पार्वतक्कांचा. त्यांच्या सासूबाईंनी जाण्यापूर्वी आपल्या नातीसाठी, दीपश्रीसाठी, तो राखून ठेवला होता आणि त्याचाच ब्लाउज दीपश्री लग्नात घालणार होती. काठ मोजून दोन बाह्यांपुरता. अर्चनाने विचारले नाही, थांबली नाही. वीतभर काठ तिने माझ्याकडून कापून घेतला. मला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो, पण तेव्हापासून मला माझ्या पात्यांची शिसारी आली आहे.

अंबूताई परतल्यावर व्हिडिओ सुरू झाला. "आई, आश्चर्य वाटल्यासारखं कर की! परत एकदा." असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी अंबूताईंचे बोट कार्डाच्या कडेवर थांबले.

"अर्चू, हा काठ कुठला गं?"

"चिंधी पडली होती की मशीनवर."

"चिंधी नव्हे गं ती. पार्वतक्काचा खण तो!"

"अय्यो, हळू बोल आई. रेकॉर्ड होतंय."

दुसऱ्या दिवशी पार्वतक्का आल्या. अंबूताईंनी मान खाली घालून सांगितले, "अक्का, माझ्या हातनं चुकून काठ कापला गेला." अर्चना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. पार्वतक्कांनी खणावरून बराच वेळ हात फिरवला. "इर्ली बिड्री, असू दे," एवढेच म्हणाल्या, खण पिशवीत घातला आणि चहा न घेताच गेल्या. वीस वर्षांचे गिऱ्हाईक होते ते.

त्या गेल्यावर अंबूताईंनी कार्ड लेकीच्या हातात परत ठेवले. "कार्ड छान केलंयस. पण तू उणकलला जा आणि 'काठ मी कापला' म्हणून सांग. तेवढं केलंस की तुझे आभार मला पोचले."

"जाते की आई. रविवारी जाते."

अर्चनाने सगळ्यांना दाखवलेल्या व्हिडिओतून खणाच्या बोलण्याचा भाग कापून टाकला होता. "माझी आई, माझं सर्वस्व" असे त्यावर लिहिले होते. चारशे जणांनी त्याला लाल बदाम दिले. मला ओकारी यायची बाकी होती.

मित्रांनो, माझी धार एखादा धारवाला परत लावील. पण कुणाचे आभार मानायचे असतील, तर आधी विचारून मगच वस्तूला हात लावा, आणि काही बिघडले तर स्वतःच्या तोंडाने कबूल करा. तुमची चूक आईच्या अंगावर ढकलून तिला कागदी फुले देऊ नका.

दीपश्रीचे लग्न परवा झाले. त्याआधी तीन रविवार येऊन गेले. मळमड्डीहून उणकलला बस आहे, रिक्षा आहे, अर्चनाची स्वतःची स्कूटरही आहे.