फियाटच्या पोटातली बाधा

शुक्रवारी सकाळी सातलाच मोरिवलीत आमच्या बिल्डिंगसमोर तीसेक माणसं जमली होती. एमआयडीसीच्या पाळीला निघालेले दोघे तर रिक्षा थांबवून बघत होते. मधोमध समोरच्या बुधाजीकाकांची जुनी फियाट. तिच्याखाली निखाऱ्यांचं घमेलं, उघड्या बॉनेटवर घोंगडी आणि शेजारी धूप उडवणारे महाराज.

२००४ चा जानेवारी, गारठा चांगलाच. फियाट एक दिवसाआड सकाळी नुसतं ‘टक’ करायची आणि गप्प बसायची.

“यंत्राला पण जीव असतो, बाबा,” महाराज म्हणाले. “पोटात बाहेरचं शिरलंय. धुराने निघणार. तू फक्त चावी धर.”

अर्ध्या तासाने त्यांनी घोंगडी उचलून आत हात घातला, मान डोलावली. काकांनी चावी फिरवली, गाडी सुरू. सगळ्यांनी हात जोडले.

मग चौकशी झाली. आदल्या संध्याकाळी गाडीपुढून कोण गेलं? काकांची नवी सून पायल, हंडा घेऊन. दर वेळी तीच. निकाल लागला: रविवारी तिला बदलापूरला माहेरी सोडायचं. परत कधी आणायची, ते महाराज सांगतील.

मला महाराजांचा तो हात खटकला. माझ्या तान्ह्या चिमीचं दूध मी मनगटावर थेंब टाकून बघते ना, तसाच त्यांनी उलटा हात स्टार्टरला, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या मोटरला, लावला होता. मंत्राला कशाला बघावं लागतं, पुरेसं तापलं का ते?

चिमी झोपल्यावर कॅलेंडर काढलं. आमच्याकडे नळाला दिवसाआड संध्याकाळी पाणी. लंगोट भिजवायचे म्हणून त्या तारखांना मी गोल करते. गाडी रुसलेली प्रत्येक सकाळ गोलाच्या दुसऱ्या दिवशीची. पाणी आलं की पायल हंडा भरते. आणि काका बॉनेट उघडून पाइपाने फियाटला आंघोळ घालतात.

रविवारी पायलची बॅग डिकीत, आणि गाडी ‘टक’. महाराज घमेलं घेऊन येईपर्यंत मी चिमीला पायलच्या कडेवर दिलं, तळमजल्यावरून वायर ओढली आणि लग्नात आलेला हेअर ड्रायर स्टार्टरवर धरला. मंत्र म्हणून चिमीची अंगाई गुणगुणले. पंधरा मिनिटांनी म्हटलं, “काका, फिरवा.”

गाडी सुरू.

“आत पाणी शिरतं, गारठ्यात सुकत नाही, मग करंट पुढे जात नाही. महाराज शेकून सुकवतात, एवढंच. तेही पेट्रोलच्या गाडीखाली निखारे ठेवून.”

काका सुनेकडे बघायचं टाळत म्हणाले, “म्हंजे पायल नाय?”

“नाही. तुमची आंघोळ.”

महाराजांना उल्हासनगरची एक आजारी रिक्षा आठवली. ते निघाले. बॅग डिकीतून बाहेर आली.

सोमवारी पाणी आलं. बॉनेट बंदच राहिलं. पायलने भरला हंडा घेऊन फियाटभोवती मुद्दाम सात फेऱ्या मारल्या, शेवटच्या दोन तर सासऱ्यांकडे बघत. मंगळवारी गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

बिघाड यंत्रात असेल तर आधी यंत्र उघडून बघा. माणसाच्या पायगुणावर बोट ठेवण्याआधी निदान कॅलेंडर तरी बघा. ते प्रत्येक घरात असतं.