हाक न दिलेलं पीप

जानेवारीत सफरचंदाची नवी दारू चाखायला आमच्या सायडरघराचं दार उघडलं की माझ्या धाकट्या भावाचं, इनाशियोचं, नरडंही उघडतं. लाकडी पिपापाशी उभं राहून तो "च्योच!" अशी हाक देत तोटी सोडतो आणि लोक पानातलं मांस तसंच टाकून, पेल्यात धार झेलायला रांगेत धावतात. हाक मालकाचीच. ती झाल्याशिवाय कुणी जागचा हलत नाही. एवढी शिस्त आमच्याकडे चर्चमध्येसुद्धा नसते.

यंदा कोपऱ्यातलं पीप त्याच्या लेकीचं, नेकानेचं होतं. उत्तरेच्या उतारावरच्या कडू सफरचंदांचा रस तिनं त्यात आंबवला होता. ती फळं आम्ही आजवर डुकरांना घालत आलो. इनाशियोनं तेव्हाच बजावलं होतं, हे पीप लोकांनी नाकारलं तर ती झाडं तोडून चुलीत घालीन. एवढ्यावर गप्प बसावं की नाही? छे. घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं असताना, भर दुपारी तो म्हणाला, "त्या पिपासाठी मी हाक देणार नाही. लोकांची तोंडं आंबट करायला बोलवू का?"

मी विस्तवावर मांस भाजत होते. हातातला चिमटा त्याच्या टाळक्यात घालावा असं मला मनापासून वाटलं.

"अरे, हाक नाही तर उठणार कोण?"

"तेच तर," तो म्हणाला.

नेकानेनं वाद घातला नाही. सरळ गेली आणि तोटी फिरवली. बारीक धार लांब उडाली नि फरशीवर पडायला लागली. सगळे नुसते बघत बसले. पोरीचे कान लाल झाले, पण तोटीवरचा हात हलला नाही. तिची वर्षभराची मेहनत मोरीकडे वाहत चालली होती, आणि मला रडू यायला लागलं.

लोन्चो हा डोंगरापलीकडचा सायडरवाला. दरवर्षी आमच्याकडे नावं ठेवायलाच येतो. पण वाया जाणारी धार त्यालाही बघवेना. शिव्या पुटपुटत तो धावला, पेला तिरका धरून धार काचेवर फोडली आणि फेसासकट एका घोटात प्याला. आता हा तोंड वाकडं करणार म्हणून इनाशियो पुढं सरसावला. पण लोन्चो वळला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. रांग नव्हतीच, तो एकटाच होता.

मग बाकं सरकायला लागली. माझं माशाचं ऑम्लेट गार पडलं, त्याचं मला काही वाटलं नाही. रांग दाराबाहेर गेली. प्यालेले लोक परत मागं जाऊन उभे राहत होते.

शेवटी इनाशियोही पेला घेऊन रांगेत शिरला. त्याची पाळी आली आणि नेकानेनं तोटी बंद केली.

"बाबा, मालकाची हाक झाल्याशिवाय आपल्याकडे रांगेत येत नाहीत."

सगळं घर हसलं. इनाशियोनं आधारासाठी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम तोंड फिरवलं. त्यानं घसा खाकरला. मला वाटलं, आता हाक देतो.

"तू दे," तो म्हणाला. "इथली हाक आता तुझी."

नेकानेनं दिली. असली दणदणीत हाक त्याला उभ्या जन्मात जमली नव्हती. इनाशियोनं एका घोटात पेला रिकामा केला आणि रांगेच्या शेवटी, लोन्चोच्या मागं जाऊन उभा राहिला.